गढूळ पाणी आपोआप का निवळत नाही?

ऑगस्टमध्ये वैनगंगेचं पाणी एका बाटलीत भरून ठेवा. रेती लगेच तळाला बसते, जाडसर गाळ तासाभरात. वरचं पाणी मात्र दुसऱ्या दिवशीही मातकटच असतं. व्हॉटमन नंबर १ कागदातून गाळलं तरी फारसा फरक पडत नाही, कारण त्या कागदाची छिद्रं साधारण ११ मायक्रॉनची आणि चिकणमातीचे बारीक कण १ मायक्रॉनपेक्षाही लहान. हेच आपलं कलिल, म्हणजे कोलॉइड. टिंडाल परिणाम, ब्राउनीय गती, इलेक्ट्रोफोरेसिस ही यादी आपण नेट-सेटसाठी पाठ करतो. पण यातला नेमका कोणता गुणधर्म पाण्याला गढूळ ठेवतो, असं मुलाखतीत विचारलं की गाडी अडते.

आधी गणित करून बघू. स्टोक्सच्या सूत्रात मातीची घनता २.६५ धरली, तर १ मायक्रॉन व्यासाचा कण पाण्यात दिवसाला जेमतेम ९ सेंटिमीटर खाली येतो. घागरीतलं ३० सेंटिमीटर अंतर कापायला त्याला तीन दिवसांहून जास्त लागतात. ०.१ मायक्रॉनचा कण घेतला तर वेग शंभरपट कमी, म्हणजे जवळपास एक वर्ष! शिवाय हा छोटा कण ब्राउनीय गतीमुळे एका सेकंदात कुठल्याही दिशेला ३ मायक्रॉनच्या आसपास सरकतो, आणि गुरुत्वाकर्षण त्याला तेवढ्या वेळात ०.०१ मायक्रॉन खाली ओढतं.

मग हे कण एकमेकांना धडकून, चिकटून मोठे का होत नाहीत? इथे प्रभार येतो. मातीच्या स्फटिकजाळीत काही ठिकाणी सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसलेला असतो, त्यामुळे कणाच्या पृष्ठावर ऋण प्रभार राहतो. त्याभोवती धन आयनांचा थर जमतो आणि दोन कण जवळ आले की हे थर एकमेकांना ढकलतात. म्हणून प्रयोगशाळेत झेटा पोटेन्शियल मोजतात. ते शून्याकडे सरकलं की कण चिकटायला लागतात. टिंडाल परिणामामुळे कण दिसतात इतकंच, त्यांच्या टिकण्याशी त्याचा संबंध नाही. (हे दोन्ही एकाच उत्तरात कोंबू नका.)

तुरटी फिरवली की पाणी निवळतं, हे घरोघरी माहीत आहे. पाठ्यपुस्तक हार्डी-शुल्झ नियम सांगतं: तीन प्रभारांचा ॲल्युमिनियम आयन सोडियमपेक्षा कितीतरी पटींनी प्रभावी. खरं आहे, पण अर्धंच. नदीच्या पाण्याचा पीएच ७ ते ८. तिथे सुटा ॲल्युमिनियम आयन जवळजवळ उरतच नाही, त्याचं जलापघटन होऊन हायड्रॉक्साइडचे चिकट पुंजके तयार होतात आणि खाली बसताना ते मातीला सोबत घेऊन जातात. पीएच न नोंदवता तुरटीचा डोस लिहिलेला तक्ता म्हणूनच मला निरुपयोगी वाटतो. डोस जास्त झाला तर काही परिस्थितीत कणांवर उलटा, धन प्रभार येतो आणि पाणी परत गढुळतं. जार टेस्ट करतात ती योग्य डोस शोधायला.

आपल्याकडच्या कोरड्या पानझडी जंगलात निवळीचं झाड असतं, स्ट्रिक्नॉस पोटॅटोरम. त्याचं बी मडक्याच्या आतून घासून पाणी भरायची पद्धत जुनी आहे, सुश्रुतसंहितेतही कतक या नावाने ती येते. गंमत म्हणजे या बियांतले पॉलिमर स्वतः बहुतांशी ऋण प्रभाराचे. मातीही ऋण. तरी काम होतं, कारण लांब रेणूची साखळी एकाच वेळी अनेक कणांना धरते आणि त्यांच्यात पूल बांधते. हार्डी-शुल्झमध्ये हे बसत नाही.

हा विषय पावसाळ्यात जिवावर येऊ शकतो. गढूळ पाण्यात टीसीएल टाकलं तर क्लोरीनचा बराच भाग सेंद्रिय पदार्थच खाऊन टाकतात आणि कणांच्या आड जंतू वाचतात. आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याची गढूळता १ एनटीयूच्या आत हवी, दुसरा स्रोत नसेल तर ५ पर्यंत चालते. ५ एनटीयूच्या आतलं पाणी ग्लासात डोळ्यांना बहुधा स्वच्छच दिसतं. त्यामुळे 'पाणी निवळलं' ही नोंद पुरत नाही, मीटरचा आकडा हवा.

निवळीवर काम करायचं मनात असेल तर दोन गोष्टी. बी वनस्पतिशास्त्राच्या माणसाकडून ओळखून घ्या, कारण विषारी कुचला याच स्ट्रिक्नॉस वंशातला आहे. आणि बियांचा अर्क पाण्यात सेंद्रिय द्रव्य सोडतो, जे साठवणीत जंतूंचं खाद्य होतं. तेव्हा गढूळता फक्त अर्ध्या तासाने मोजून थांबू नका. तेच पाणी २४ आणि ४८ तासांनी परत घ्या, क्लोरीनची मागणी आणि जंतूंची संख्या दोन्ही मोजा, आणि शेजारी तुरटीचं व काहीच न टाकलेलं पाणी ठेवा.