कुत्रे चावले, दोष कुणाचा?

मंडळी, आज जरा भांडणाच्या विषयावर बोलू. समजा, मुरगूडच्या शिवारात कुणाच्या वस्तीवर राखणीचे कुत्रे आहे. वेदगंगेकाठच्या आपल्या भागात ऊस आला, गोठा आला, की राखणीला कुत्रे आलेच. शाळेतून घरी निघालेली पोरे त्या वाटेने जातात. एक खडा मारतो, दुसरा शेपटी ओढतो, आणि कुत्रे कचकन चावते. मग बांधावर कज्जा उभा राहतो. कुत्र्याचा धनी म्हणतो, “तुमच्या पोरानं खोडी काढली.” पोराचा बाप म्हणतो, “तुमचं कुत्रं मोकळं का?” दोघांचे बोलणे थोडे थोडे खरे आहे. मग जबाबदार कोण?

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा जबर दुखापत होण्याचा संभव असेल, तर पुरेशी खबरदारी घेणे हे ताबा असणाऱ्याचे काम आहे. जाणूनबुजून किंवा हयगयीने ती न घेणे हा गुन्हा आहे. १८६० च्या दंडसंहितेत हे कलम २८९ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम २९१ आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात शब्द ‘ताबा’ असा आहे, हे ध्यानात घ्या. “कुत्रं माझं न्हवं, नुसतं सांभाळतोय,” एवढे म्हणून सुटका होत नाही.

यावर कुणी विचारील, “पण पोराने डिवचले त्याचे काय?” डिवचणे ही गोष्ट विचारात घेतली जातेच. जाणत्या माणसाने बांधलेल्या कुत्र्याला काठीने टोचले, तर दोषाचा मोठा वाटा त्याच्याच पदरात पडेल. लहान मुलाची गोष्ट निराळी. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य कायदा गुन्हा मानीत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाला आपण काय करतो याची पुरती समज होती का, हे पाहावे लागते. नुकसानभरपाईच्या दाव्यातही मुलाकडून त्याच्या वयाइतकीच समज अपेक्षिली जाते. शिवाय, वाटेवरची पोरे कुत्र्याला खडा मारणार, हे कोणत्या धन्याला ठाऊक नसते? जे होणार हे आधीच कळते, त्याची तजवीज आधी करायला नको का?

आणि कुणी मोठ्या माणसाने मुद्दाम ‘छू’ म्हणून कुत्रे अंगावर घातले, तर ती नुसती हयगय राहत नाही. दुखापत करण्याच्या, भिववण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने कुत्रे अंगावर सोडणे म्हणजे फौजदारी बळाचा वापर, असे उदाहरण खुद्द १८६० च्या संहितेतच दिले होते.

हे सारे कागदावरच राहते असे समजू नका. मुंबईत वरळी येथे फेब्रुवारी २०१८ मध्ये एका इमारतीच्या लिफ्टमध्ये एक गृहस्थ आपल्या तान्ह्या मुलाला घेऊन उभे होते. मूल कुत्र्याला भिते, असे त्यांनी सांगितले. तरी शेजाऱ्याने आपले कुत्रे आत ओढून आणले, आणि ते त्या गृहस्थांच्या हाताला चावले. मे २०२५ मध्ये न्यायालयाने कुत्र्याच्या धन्याला चार महिन्यांची कैद सुनावली.

बेवारशी कुत्र्याला धनी नसतो. त्यांची नसबंदी आणि लसीकरण हे २०२३ च्या नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेचे काम आहे. मुरगुडात म्हणजे नगरपरिषदेचे, खेड्यात ग्रामपंचायतीचे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये आणि बसस्थानकांच्या आवारांना कुंपण घालून तेथील बेवारशी कुत्री हलवण्याचा आदेश दिला. गुरुजनहो, आवारात कुत्री वावरत असतील, तर तसे लेखी कळवा आणि पोच घ्या.

पण मंडळी, दोषाच्या या हिशेबाहून मोठी गोष्ट पुढेच आहे. ज्या पोराने खोडी काढली, ते मार बसेल म्हणून चावल्याचे घरी सांगतच नाही. जखम चड्डीखाली लपते. आणि रेबीजची लक्षणे एकदा दिसली, की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य. डिवचल्यावर चावले म्हणजे कुत्रे निरोगीच, असे मुळीच नाही.

म्हणून आधी उपाय, मग चौकशी. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. चुना, तिखट, तेल काही भरू नका. लगेच मुरगूडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जा. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. रक्त आले असेल, तर जखमेत सीरमही टोचावे लागते. डॉक्टर सांगतील त्या साऱ्या तारखा पाळा. एखादी सुई चुकवू नका. कुत्रे मारून टाकू नका. दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा, पण लस त्यासाठी थांबवू नका. ६ जुलै १८८५ रोजी पाश्चर यांची लस टोचली गेली, ती कुत्रे चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलालाच.

धन्याने कुत्र्याला दरवर्षी लस टोचावी आणि वाटेकडेला ते बांधून ठेवावे. आईबापांनी आणि गुरुजींनी पोरांना शिकवावे, की खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिलांजवळच्या कुत्र्याला छेडू नये. आणि त्याच दमात हेही सांगावे : “बाळा, चूक तुझी असली तरी चावल्याबरोबर सांग. तुला कुणी मारणार नाही.”