शेत मित्राचे, हरीण कोणाचे?

आमच्या शाळेतल्या नववीच्या मुलांना टेक्सास राज्य नकाशात कुठे आहे ते विचारले तर चार-दोन हात वर होतात. पण टेक्सासमध्ये हरणाची शिकार कशी करतात, हे निम्म्या वर्गाला पाठ असते. मोबाईलवर पाहिलेले असते ना! झाडावर मचाण, त्यावर पाचोळ्याच्या रंगाचे कपडे घालून बसलेला माणूस, हातात चाके लावलेले धनुष्य आणि वीस-तीस पावलांवर चरणारे शिंगाळे हरीण. रँच कुणा मित्राची असते. बाण सुटतो, मित्र पाठ थोपटतो, संध्याकाळी शेगडी पेटते.

या चित्रफितींचा एक परिणाम गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या घरी येऊन बसला. सुरतेचा माझा भाचा, वय एकवीस, लांब पिशवी घेऊन उतरला. पिशवीत कंपाऊंड धनुष्य. जेवण झाल्यावर हळूच म्हणाला, “मामू, मोलगीकडच्या तुमच्या त्या गुरुजी मित्राचं शेत जंगलाला लागूनच आहे ना? एक रात्र जाऊ या. तीर मारताना बिस्मिल्लाह म्हटलं की झालं. हलालच आहे.”

मुलगा मसअला वाचून आला होता, ही जमेची बाजू. आणि त्याचे अर्धे म्हणणे बरोबरही होते. आपल्या फिकहच्या ग्रंथांत शिकारीचे स्वतंत्र प्रकरण असते आणि त्यात तीराची चर्चा फार बारकाईने केलेली आहे. तय्य कबिल्याचे हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना शिकारीविषयी एकामागून एक प्रश्न विचारले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ते आले आहेत. त्या उत्तरांचा आशय असा : अल्लाहचे नाव घेऊन सोडलेल्या हत्याराची धार लागून जनावर मेले तर खावे, आडवे लागून, नुसत्या माराने मेले तर खाऊ नये. जखमी जनावर एक-दोन दिवसांनी सापडले आणि अंगावर तुमच्याच तीराची खूण असेल तर खाता येते. पाण्यात पडून बुडालेले सापडले तर नाही, कारण ते तीराने मेले की पाण्याने, हे कळत नाही. हाती लागले तेव्हा जीव असेल, तर जबह करावेच लागते. बंदुकीच्या गोळीने मेलेल्या जनावराला बहुतेक हनफी उलेमा हलाल मानत नाहीत, कारण गोळीला धार नसते. म्हणजे आजच्या काळातही फिकहच्या दृष्टीने धनुष्य बंदुकीच्या पुढेच उभे आहे.

भाच्याने इथपर्यंत वाचले होते. पुढचे पान उलटायचे राहिले होते.

हुदैबियाच्या वाटेवरचा हजरत अबू कतादा (रजि.) यांचा प्रसंग मी त्याला सांगितला. बरोबरचे साथी इहराममध्ये होते, अबू कतादा नव्हते. रानगाढव दिसले तसे ते घोड्यावर स्वार झाले, आणि घाईत चाबूक खाली राहिला. “जरा उचलून द्या,” ते म्हणाले. साथींनी नकार दिला. आम्ही इहराममध्ये आहोत, या कामात तुम्हाला काडीची मदत करणार नाही. त्यांनी स्वतः उतरून चाबूक घेतला, शिकार केली, आणि ते मांस खावे की नाही, या शंकेने साथी प्रेषितांकडे गेले. कुणी शिकारीला मदत किंवा इशारा केला होता का, एवढे विचारून, तसे नसल्याने त्यांनी खाण्याची परवानगी दिली. सूरह माइदामध्ये तर आधीच सांगितले आहे की हाताच्या आणि भाल्याच्या टप्प्यात येणाऱ्या शिकारीने अल्लाह श्रद्धावंतांची परीक्षा घेईल. जनावर हलाल, हत्यार हलाल, भूक खरी, आणि तरी हात आवरायचा.

“पण आपण कुठे इहराममध्ये आहोत?” भाचा म्हणाला. प्रश्न रास्त होता. म्हणून मग दुसरे पुस्तक काढले : १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा.

हा कायदा आपल्याकडे फार कमी घरांत माहीत आहे. त्यात शिकार म्हणजे केवळ मारणे नव्हे. पकडणे, फासे लावणे, विष घालणे, हाकारा करणे, आमिष ठेवणे, आणि यांतले काहीही करण्याचा नुसता प्रयत्नसुद्धा शिकारच. चितळ, सांबर, भेकर, चौशिंगा, काळवीट, चिंकारा हे सगळे संरक्षित आहेत. (काळवीट आणि चिंकारा खरे तर हरणे नव्हेत. हरणाची शिंगे झडतात आणि पुन्हा येतात, यांची कायमची असतात. आपण मात्र सगळ्यांना हरीणच म्हणतो.) काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे; त्याच्या शिकारीला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षे कैद. मांस जवळ बाळगणे हाही गुन्हा. शिकारीला वापरलेले हत्यार आणि गाडी दोन्ही सरकारजमा. मदत करणारा, जागा देणारा, वाट दाखवणारा यांनाही कायदा सोडत नाही. चाबूक उचलून देणाराही त्यात आलाच.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेत कुणाचे आहे, याला काहीच अर्थ नाही. टेक्सासमध्ये बहुतेक जमीन खासगी आहे. जमीनमालकाची परवानगी, राज्याचा परवाना आणि ठरलेला हंगाम असला की शिकार कायदेशीर होते. तिथे लांडगे संपले, हरणे लाखोंनी वाढली, म्हणून सरकारच शिकारीला मुभा देते. आपल्याकडे जमीन तुमच्या नावावर असली तरी तिच्यावर चरणारे सांबर तुमचे नसते. बंदी मोडून मारलेले जनावर आणि त्याचे मांस ही सरकारची मालमत्ता ठरते. पीक फस्त करणाऱ्या रानडुकरासाठी आणि रोह्यासाठीसुद्धा आधी वनखात्याची परवानगी लागते. नुकसानभरपाईचा अर्ज हा त्याहून सरळ मार्ग. आमच्या भागातले फार थोडे शेतकरी तो भरतात, ही वेगळी कथा.

दोन दिवसांनी आम्ही मोलगीकडे गेलोच. धनुष्य घरी ठेवून. देवगोईचा घाट चढून गेले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाची बारीक झाडे, उतारावर ज्वारी आणि मक्याची खळी. गुरुजींनी अंगणात खाट टाकली. माझ्यासाठी त्यांच्या घरी नेहमी भाजी-भाकरीच असते. मी काय खातो, काय नाही, हे त्यांच्या घरात लहान मुलांनाही ठाऊक आहे. वीस वर्षांत त्यांनी मला कधी पेचात टाकले नाही.

त्यांच्या वडिलांचा तीरकामठा आढ्याला टांगलेला होता. बांबूचा दांडा आणि दोरीही बांबूचीच, चिरून काढलेल्या पातळ कामटीची. बाण बोरूचे, टोकाला लोखंडी पाते. काही बाणांना पात्याऐवजी लाकडी बोंड होते, ते पाखरांसाठी. भाच्याने परवानगी विचारून कामठा हातात घेतला आणि सवयीने दोरीला अंगठा लावला. आजोबा हसले. त्यांनी तर्जनी आणि मधले बोट लावून ओढून दाखवले. एकलव्याने अंगठा दिला, म्हणून भिल्ल दोरीला अंगठा लावत नाही, असे या भागात सांगतात. तुर्क आणि मुघल तिरंदाज मात्र अंगठ्यानेच ओढत आणि त्यासाठी अंगठ्यात जाड अंगठी घालत. शाहजहानची अशी यशबाची अंगठी आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. मुघलांना शिकारीचे वेड किती होते, ते जहांगीरने स्वतःच्या आठवणींत हिशोब मांडून ठेवले आहे : वयाच्या पन्नाशीपर्यंत त्याच्यासमोर २८,५३२ जनावरे मारली गेली, त्यांतली १७,१६७ त्याने स्वतःच्या हाताने. असा हिशोब बादशहाच ठेवू जाणे.

याच खानदेशात १८२५ मध्ये इंग्रजांनी भिल्ल पलटण उभी केली. जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याने ती उभी करताना आधी भिल्लांबरोबर वाघाच्या शिकारी केल्या, तेव्हा कुठे त्यांचा त्याच्यावर विश्वास बसला. पुढे १८५८ मध्ये अंबापाणीच्या लढाईत खाज्या नाईकांचे भिल्ल बंदूकधारी फौजेसमोर उभे ठाकले. तीरकामठा हा इथे खेळ नव्हता.

आजोबांना भाच्याने विचारले, “बाबा, इथे हरणं आहेत का अजून?”

“भेकराचा आवाज येतो कधी कधी. सांबर मी शेवटचं पाहिलं तेव्हा याचं लग्न व्हायचं होतं,” त्यांनी गुरुजींकडे बोट दाखवले. गुरुजींना आता नातू आहे.

मग गुरुजी बोलले, आणि मला वाटते, भाच्याला समजायचे ते इथे समजले. २००६ चा वनहक्क कायदा आला, गावाला पट्टे मिळाले, तेंदू-मोहाचे हक्क मिळाले. पण त्याच कायद्याने शिकारीचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. “आमच्या बापजाद्यांचं ते पोट होतं,” गुरुजी म्हणाले. “तरी आम्ही सोडलं. आता रात्री आमच्या शेतात बाण सुटला ना, सर, तर सकाळी पहिली गाडी आमच्याच दारात येईल. सुरतेला कोण जाणार? जामीन कोण राहणार? शाळेची नोकरी राहील का माझी?” आवाज चढला नव्हता. भाच्याने मान खाली घातली आणि म्हणाला, “गुरुजी, धनुष्य आणलेलंच नाही.”

हौसेच्या शिकारीबद्दल आपल्याकडेही वेगळे काही सांगितलेले नाही. काही तरुणांनी पक्षी बांधून त्यावर नेमबाजी चालवली होती. हजरत इब्ने उमर (रजि.) यांना येताना पाहून ते पळाले. सजीवाला निशाणा बनवणाऱ्यावर प्रेषितांनी लानत केली आहे, हे तेव्हा इब्ने उमर यांनी सांगितले. दुसरीकडे तिरंदाजी शिकण्याला त्याच प्रेषितांनी उत्तेजन दिले. या दोन गोष्टींत विरोध नाही. निशाणा गवताचा असला की झाले.

आणि त्या निशाण्यावर आज महाराष्ट्राचीच मुले पुढे आहेत. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत सातारची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाऊंड प्रकारात विश्वविजेती झाली. पुरुषांत नागपूरचा ओजस देवतळे. भाच्याच्या पिशवीत होते त्याच जातीचे धनुष्य, निशाणा पन्नास मीटरवर. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये कंपाऊंडचा मिश्र सांघिक प्रकारही आला आहे. घरात असे धनुष्य मागणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर नाही म्हणू नका. जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयात जाऊन प्रशिक्षकाची चौकशी करा. आणि आसपास कुणी फासे लावताना, शिकारीला निघताना दिसले, तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लक्षात ठेवा.

त्या दुपारी गुरुजींच्या नातवाने खळ्यामागे मक्याच्या ताटांचा भारा उभा केला आणि त्यावर कोळशाने गोल काढला. आजोबांच्या बाणांपैकी पाच आत गेले, भाच्याचा एक. सुरतेला परतल्यावर त्याने एका क्लबात नाव घातले आहे. दोन बोटांनी ओढायचे आजोबांनी शिकवले, ते तिथे चालेल का, असे फोनवर विचारत होता. मी म्हटले, ते तुझ्या उस्तादांना विचार; मला नववीचे पेपर तपासायचे आहेत.