सातबारा नाही, पण शेत कसते: शेतकरी बाजारात स्वयंसेवकाचे काम

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही मैदानावर पोहोचतो तेव्हा पहिला टेम्पो आलेला असतो. क्रेट उतरवायचे, ताडपत्री बांधायची, टेबले मांडायची आणि आठच्या आत बाजार सुरू करायचा. मराठवाड्यातल्या आमच्या शहरात एक ना-नफा संस्था हा शेतकरी बाजार भरवते आणि आम्ही सात-आठ जण तिथे स्वयंसेवक म्हणून जातो. "भाजी बाजारात जाऊन चळवळीचे काय काम होणार?" असे आम्हाला नेहमी विचारले जाते. त्याचे हे उत्तर.

असा बाजार चालतो कसा?

बाजार समितीत माल नेला की हमाली, तोलाई, वाहतूक वजा होऊन उरलेली पट्टी शेतकऱ्याच्या हातात पडते. भाव तो ठरवत नाही. 2016 मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला. त्यानंतर शहरांमध्ये थेट विक्रीच्या आठवडी बाजारांना बळ मिळाले. संस्था जागा मिळवते, महापालिकेची परवानगी काढते, प्रचार करते. शेतकरी स्वतः भाव सांगतो, स्वतः विकतो आणि जागेचे थोडे भाडे देतो. मध्ये कोणी नसतो.

स्वयंसेवक काय करतात? काट्यांवर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आहे का, ते पाहतात. भावफलक लिहितात. कोणता माल कोणत्या गावाहून आला, हे ग्राहकाला सांगतात. पापड, चटणी, लोणचे विकणाऱ्या बचत गटांना अन्न परवान्याची नोंदणी करून देतात. शेतातल्या कच्च्या मालाला ती लागत नाही, पण तयार पदार्थाला लागते. ही कामे महिनाभरात शिकता येतात.

नोंदणीच्या टेबलावरचा प्रश्न

आम्हाला खरे काम सापडले ते नोंदणीच्या टेबलावर. व्यापारी शेतकरी बनून शिरू नये म्हणून संस्था सातबारा मागत असे. हेतू चांगलाच होता. एका रविवारी एक मावशी अंबाडी, घोळ आणि तांदुळजाच्या जुड्या घेऊन आल्या. टेबलावरच्या आमच्याच सोबत्याने सातबारा मागितला. "जमीनच नावावर न्हाई, तर सातबारा कुठून आणू?" असे म्हणून त्या पाटी उचलून निघाल्या. त्या दिवशी त्यांनी बाहेर रस्त्याकडेला भाजी विकली. आत मात्र तीन टेबले रिकामी होती.

त्यांचे कुटुंब दोन पिढ्या गायरान कसते. 1959 मध्ये आणि पुन्हा 1964-65 मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तो याच प्रश्नावर. 14 एप्रिल 1990 पूर्वीची गायरानावरची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय सरकारने 1991 मध्ये घेतला. तरीही अनेक घरांच्या नावावर जमीन चढलेली नाही. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार देशात स्त्रियांच्या नावे वहितीखाते सुमारे 14 टक्केच आहे. अनुसूचित जातींकडे वहितीखालच्या क्षेत्राचा सुमारे 9 टक्के भाग आहे, आणि 2011 च्या जनगणनेत त्यांची लोकसंख्या होती 16.6 टक्के. म्हणजे सातबारा मागणारा बाजार कोणाला बाहेर ठेवतो, हे आकडेच सांगतात. तिथे कोणी जात विचारत नाही. कागद विचारला की पुरते.

आम्ही काय बदलले?

आम्ही संस्थेच्या बैठकीत विषय मांडला. व्यापाऱ्यांना रोखायचेच आहे, फक्त "जमीन कोणाच्या नावावर?" याऐवजी "शेत कोण कसते?" असे विचारा, एवढेच आमचे म्हणणे होते. त्याची पद्धत नवी नाही. सेंद्रिय मालाच्या सहभागी हमी पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेते तपासतो आणि एकमेकांची हमी देतो. तेच तत्त्व आम्ही घेतले. सातबारा नसेल तर त्याच भागातल्या पाच जणांची हमी आणि दोन स्वयंसेवकांची शेतावर भेट. आठवडाभरात निर्णय. आता बटईने आणि ठोक्याने करणाऱ्या, गायरान कसणाऱ्या अशा नऊ जणी टेबल लावतात. मावशी पहिल्या रांगेत असतात.

दुसरी गोष्ट नंतर लक्षात आली. टेबलावर बाई उभी, पण क्यूआर कोड मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खात्याचा. दिवसभर विकूनही तिच्या हातात सुट्ट्या पैशांशिवाय काही नाही. म्हणून आम्ही बँकेत सोबत जातो, तिच्या नावाचे खाते उघडतो, तिचाच कोड टेबलावर चिकटवतो. घरात कुरबुर होते. ती तीच निभावते, आम्ही फक्त सोबत असतो.

तिसरी गोष्ट उरलेल्या मालाची. संध्याकाळी राहिलेली भाजी वसतिगृहाला "दान" द्या, असे आम्हीही आधी सुचवले होते. पण दान कोण देतो आहे, याचा विचार केला नव्हता. आता वसतिगृहातली मुले वर्गणी काढून ती भाजी कमी भावात विकत घेतात. फुकट कोणी नेत नाही.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर

आधी संस्था पाहा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 खाली नोंद आहे का, हिशोब दाखवतात का, विचारा. पहिले चार रविवार फक्त क्रेट उचला आणि ऐका. त्यानंतर नोंदणीचे टेबल मागून घ्या. कोण परत गेले, कशामुळे गेले, याची वही ठेवा. महिन्याच्या बैठकीत ती वही वाचून दाखवा. आमच्या बाजाराचा नियम भाषणाने बदलला नाही, या वहीने बदलला.

आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील दुसऱ्याच्या शेतावर राबून शहरात आले. त्यांनी पिकवलेल्या मालाच्या टेबलावर त्यांचे नाव कधी लागले नाही. ते लावण्यासाठी रविवारची एक सकाळ द्यायला काय हरकत आहे?