अवंतिकेतून निघालेली फाइल

इंदूरहून रात्रभर धावून मुंबईला पोहोचणाऱ्या अवंतिका एक्स्प्रेसमध्ये मांडीवर प्लास्टिकची पिशवी जपत बसलेलं कुणी ना कुणी असतंच. पिशवीत एक्स-रे, सीटी स्कॅनच्या फिल्म, बायोप्सीचा रिपोर्ट. सकाळी परळचं टाटा हॉस्पिटल गाठायचं असतं.

हे कागद तारखेप्रमाणे लावून बघा. आधी खोकला. मग एक्स-रेवर पांढरा डाग. थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही क्षयाच्या गोळ्या. आराम नाही म्हणून सीटी, आणि शेवटी बायोप्सी: फुफ्फुसाचा कर्करोग. आपल्याकडे क्षय इतका आहे की डॉक्टरांना आधी तोच आठवतो. तेवढ्या महिन्यांत गाठ पसरते. एकाच्या फाइलमध्ये हे दैव वाटेल. हजार फाइलींत तेच दिसलं, तर दोष कुठे आहे ते कळतं. रुग्णालयांच्या नोंदींचा अभ्यास म्हणूनच करायचा.

फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या, ईजीएफआर जनुकात बदल असलेल्या 350 रुग्णांवर टाटा रुग्णालयाने चाचणी केली. 2019 मध्ये निष्कर्ष जाहीर झाले: नुसत्या जेफिटिनिबच्या गोळीने आजार साधारण 8 महिने थोपला, जोडीला केमो दिल्यावर 16 महिने. मोठंच यश आहे हे. पण चाचणीत रुग्ण निवडून घेतलेले असतात. इंदूरच्या वॉर्डात जनुक-तपासणी किती जणांची झाली? रिपोर्ट येण्याआधीच केमो किती जणांना सुरू झाली? पैशांअभावी मध्येच कुणी सोडली? याचं उत्तर केस पेपरांतच आहे.

आणि तिथेच धागा तुटतो. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 पासून, भोपाळचीही जवळपास तेव्हापासून चालू आहे. आजार किती, हे त्यांतून कळतं. उपचार कसे झाले, हे मात्र रुग्णालयाच्या फाइलमध्ये राहतं. इंदूरच्या फाइलवर ‘पुन्हा आले नाहीत’ एवढाच शेरा. तो माणूस मुंबईत उपचार घेतोय की घरी वारला, कॉम्प्युटरला दोन्ही सारखंच. अशा अर्धवट नोंदींवरून काढलेलं कोणतंही अनुमान मला धोक्याचं वाटतं.

म्हणून एक विनंती. नव्या रुग्णालयात केस पेपर काढताना जुने कागद दाखवा, आभा (सरकारी आरोग्य-ओळख) क्रमांक असेल तर द्या. आणि घरातलं माणूस गेल्यानंतर रुग्णालयातून चौकशीचा फोन आला, तर कितीही जड गेलं तरी तेवढी तारीख सांगा.