माझं पैसं कोनी खाल्लं?

परवा अलिबागच्या बाजारात पापलेटचा भाव ऐकून एक गृहस्थ कोळणीवर चांगलेच उखडले. ती शांतपणे म्हणाली, "दादा, बर्फवाल्याला विचारा." बर्फवाला विजेच्या बिलाकडे बोट दाखवील, नाखवा डिझेलकडे आणि पंपवाला थेट दिल्लीकडे. महागाईचा आरोपी नेहमी शेजारच्या घरात राहतो!

मी मात्र मुकाट्याने मांदेली पिशवीत घेतली. या भांडणात तोंड उघडायला मला जागा नाही.

१९९१ सालची गोष्ट. याच किनाऱ्यावरच्या एका बँकेच्या शाखेत मी अधिकारी होतो. कोळीवाड्यातल्या एक मावशी उन्हाळ्यात पैसे घेऊन आल्या. त्यांना लगेच जाळे घ्यायचे होते. "पावसाळाभर जाळं घरात टांगून काय करणार, मावशी? बचत खात्यात ठेवा, पाच टक्के व्याज मिळेल," असा शहाणपणा मी शिकवला. आखाती युद्धाने तेल भडकले होते, देशाची परकीय गंगाजळी आटली होती. हे सारे मी रोज वर्तमानपत्रात वाचत होतो बरे! जुलैच्या १ आणि ३ तारखेला रुपयाचे अवमूल्यन झाले. जाळ्याचा नायलॉन धागा अखेर तेलातूनच निघालेला. नारळी पौर्णिमेच्या सुमारास मावशी दुकानात गेल्या, तर पैसे पुरेनात. त्या तशाच माझ्याकडे आल्या आणि पासबुक टेबलावर ठेवून म्हणाल्या, "साहेब, माझं पैसं कोनी खाल्लं?"

पासबुकात पैन्‌पै बरोबर होती. त्या वर्षी महागाई मात्र १३ टक्क्यांच्या पुढे गेली होती.

आपण व्यापाऱ्याला शिव्या देतो. साठेबाजी होतेच; पण व्यापारी एखाद्या हंगामात कांदा महाग करील, सगळ्याच वस्तू वर्षानुवर्षे महाग करणे त्याच्या हातात नाही. त्या काळी सरकारचा खर्च उत्पन्नात भागला नाही, की रिझर्व्ह बँकेला तदर्थ हुंड्या देऊन पैसा उचलता येई. मासळी तेवढीच, पैसा वाढलेला. ही सोय १९९७ साली बंद झाली. खेळ मात्र जुना. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने इथला माल उचलला, मोबदला लंडनमध्ये पौंडांत जमा केला आणि त्याच्या आधारावर इथे नोटा छापल्या गेल्या. १९४३ पासून रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते आपल्याच जिल्ह्यातले, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख. निर्णय साहेबाचा, नोटेवर सही आपल्या माणसाची!

२०१६ पासून महागाई चार टक्क्यांवर, फार तर दोन टक्के वर-खाली, ठेवण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेवर आले. सलग तीन तिमाह्या चुकले तर सरकारला कारण लिहून द्यायचे. २०२२ साली, युक्रेन युद्धानंतर, ते पत्र प्रथमच लिहावे लागले. सरकारने ते प्रसिद्ध केले नाही. म्हणजे कारण लिहिले गेले, पण मावशींपर्यंत पोचले नाही.

मीही त्या दिवशी त्यांना मागणी-पुरवठ्यावर व्याख्यान दिले. त्यांनी ते ऐकून घेतले. कमी पडलेले पैसे त्यांनी एका मासळीच्या व्यापाऱ्याकडून उचलले आणि हंगामभर त्याच्याच भावाने मासळी घातली. खाते त्याच आठवड्यात बंद झाले. अर्जावर त्यांचा अंगठा मीच घेतला.