थंडीतलं ऊन, घाट आणि गुऱ्हाळ

जानेवारीत उजाडायच्या आतच मी बेळगावहून निपाणीकडे गाडी काढतो. हातमोज्यांतही बोटं गारठतात, पण तो गारवाच मला हवा असतो. संकेश्वरजवळ महामार्ग 48 सोडून शिवारात वळलं की हुरड्यात आलेल्या शाळूवर भोरड्यांचे थवे उतरलेले दिसतात. गुलाबी अंगाचे हे पक्षी थेट मध्य आशियाकडून हिवाळ्यापुरते येतात.

धुक्याचा फोटो बहुधा मळकट येतो, कारण पांढरं जास्त दिसलं की कॅमेरा आपणहून प्रकाश कमी करतो. एक्स्पोजर थोडं वाढवावं, मोबाइलवरही जमतं. शिवाय या दिवसांत इथला सूर्य भर दुपारीही जेमतेम 50 अंशांच्या वर चढतो, म्हणून ऊन तिरपं आणि मऊ.

तवंदी घाट उतरून निपाणी आली की तंबाखूचा उग्र वास येतो. माझा मुक्काम मात्र गुऱ्हाळावर. काहिलीत रस रटरटतो, एकजण चुलवाणात चिपाडं सारत असतो. सूर्य वाफेच्या मागे ठेवला की सगळी वाफ सोन्यासारखी पेटते.

"आधी काकवी खा, मग काढ फोटू," गुळवेमामा म्हणतात. पुढच्या खेपेला तो छापून आणायचा, असंही त्यांनी बजावलंय.