घर बांधणारे आपण, विटा वाहणारेही आपणच



16 जूनला आपल्याकडे नद्या-जलाशयांतली मासेमारी बंद होते, ती 15 ऑगस्टपर्यंत. होडी काठावर येते आणि घरातले दोघे-तिघे मिस्त्रीच्या हाताखाली कामाला जातात. भैंसोल्याला 17 सप्टेंबर 2025 रोजी पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कचं भूमिपूजन झालं. तेव्हापासून तिकडे कामं निघतील याकडेही बदनावरच्या बऱ्याच जणांचं लक्ष आहे. दुसरीकडे आपलेच काही सभासद पै-पै साठवून पक्कं घर बांधायला काढतात. म्हणून बांधकामाच्या कायद्यातला हा बदल आपण दोन्ही बाजूंनी समजून घेतला पाहिजे.

घर बांधणाऱ्यांसाठी

1996 च्या कायद्यापासून बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का सेस लागतो. तो राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे जातो. स्वतःला राहायचं घर 10 लाखांच्या आत असेल तरच माफी होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि ही मर्यादा 50 लाखांवर गेली. म्हणजे 18 लाखांच्या घरावर जुन्या हिशेबाने 18,000 रुपये निघाले असते, ते आता वाचतात.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. माफी आहे ती स्वतःच्या राहत्या घराला. पुढे दोन दुकानं किंवा वर भाड्याच्या खोल्या काढणार असाल तर माफी धरून चालू नका, आधी विचारून घ्या. सेस लागत असेल तर काम पुरं झाल्यापासून 60 दिवसांत स्वतः हिशेब करून भरायचा असतो. आणि सेस माफ झाला म्हणजे बांधकामाची परवानगी माफ झाली असं नाही. नकाशा मंजूर करून घ्यावाच लागतो.

ठेकेदारांसाठी

पूर्वी 20 कंत्राटी मजूर झाले की परवाना लागायचा, नव्या संहितेत तो आकडा 50 आहे. छोट्या ठेकेदाराची धावपळ वाचली. पण किमान मजुरी मात्र एक मजूर असला तरी द्यावीच लागते.

मजुरीला जाणाऱ्यांसाठी

आता खरी अडचण. ज्या सेसची माफी वाढली, त्याच पैशातून मजुराला अपघात, बाळंतपण, मुलांचं शिक्षण यासाठी मदत मिळते. घराच्या मालकाचे 18,000 वाचले, तेवढे मंडळाकडे कमी आले. आपल्याकडे तर एकाच घरात एक भाऊ घर बांधतो आणि दुसरा दुसऱ्याच्या घराच्या विटा वाहतो.

शिवाय नोंदणीसाठी वय 18 ते 60 आणि मागच्या बारा महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामाचं काम लागतं. बंदीचे दिवस मोजा, 61 भरतात. एकही सुट्टी न घेता राबलात तरी 29 कमीच. ते दिवस हिवाळ्यात-उन्हाळ्यात इकडेतिकडे केलेल्या कामाचे असतात आणि नेमके तेच कुठे लिहिलेले नसतात. माझ्याकडे एक सभासद आले होते. वर्षात पाच ठिकाणी काम केलेलं, पण सही एकाचीही नाही. शंभराच्या वर दिवस भरले होते, दाखवायला काहीच नव्हतं.

म्हणून एवढं करा. मजुरीला जाणाऱ्या प्रत्येकाने एक साधी वही ठेवा. तारीख, जागा, काम, मिळालेली मजुरी लिहा आणि काम संपताना मालकाची किंवा ठेकेदाराची सही घ्या. बायकाही डोक्यावर घमेलं घेऊन तेवढंच काम करतात, त्यांचीही वेगळी वही हवी.

वही कशी लिहायची ते समजत नसेल तर संस्थेच्या कार्यालयात या, मी आखून देतो.

आणि ज्यांच्या घराचा सेस वाचला आहे त्यांना हात जोडून सांगणं आहे, तुमच्याकडे राबलेल्या माणसाच्या वहीवर सही करायला मागेपुढे पाहू नका. त्या सहीला तुमचा एक पैसाही लागत नाही.

आपला,
सचिव